पडदा आला की खुर्ची जायची

फोटो साधाच आहे. खिडकीत पांढरा झिरझिरीत पडदा, त्याच्यासमोर वेताची खुर्ची, खुर्चीखाली काळोख. या निगेटिव्हचा प्लॅटिनम प्रिंट, म्हणजे चित्र प्लॅटिनम धातूत उतरवणाऱ्या जुन्या छपाईतला, माझ्याकडे आहे. त्यात पडद्याची चुणी न् चुणी दिसते आणि खुर्चीच्या पायांमागच्या काळोखात भिंतीचा सुटलेला पोपडाही दिसतो. तोच निगेटिव्ह डिंकाच्या छपाईत, म्हणजे गम डायक्रोमेटमध्ये, छापायला बसले तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन रविवारांचं काम. दोन्ही गोष्टी एका कागदावर यायला पाच महिने लागले. पडदा आला की खुर्ची जायची, खुर्ची आली की पडदा.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अरबी डिंकाचं दाट पाणी, त्यात ट्यूबमधला जलरंग आणि डायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराचं नारिंगी द्रावण. हे मिश्रण मंद पिवळ्या उजेडात ब्रशनं कागदावर फासायचं, वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं आणि अतिनील दिव्यांखाली ठेवायचं. जिथं प्रकाश पोचतो तिथं डायक्रोमेटमधलं क्रोमियम बदलतं आणि डिंकाला धरून ठेवतं. तो डिंक मग पाण्यात विरघळत नाही. बाकीचा विरघळतो आणि जाताना आपल्यातला रंगही घेऊन जातो. डेव्हलपर नाही, फिक्सर नाही. कागद पालथा पाण्यावर सोडायचा आणि वाट बघायची. उरलेला रंग हेच चित्र.

ऐकायला इतकं सोपं आहे की कॉन्ट्रास्टचा घोळ यात नेमका कुठे शिरतो ते कळायलाच मला बराच वेळ लागला.

पहिला प्रिंट मळका आला. १५ मिली डिंकात १ ग्रॅम लॅम्प ब्लॅक, म्हणजे काजळीचा काळा रंग, घेतला होता. डिंकाइतकंच डायक्रोमेटचं द्रावण मिसळलं आणि दिव्यांखाली चार मिनिटं ठेवलं. खुर्चीखालचा काळोख ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखा करडा. काळा काळा नाही म्हणजे रंग कमी पडला, असं कुणीही म्हणेल, मीही म्हटलं. दुसऱ्या रविवारी रंग दुप्पट केला. काळा छान आला, अगदी मखमली. पडदा मात्र गायब! खिडकीच्या जागी कोरा कागद. मग प्रकाश कमी पडला असणार म्हणून चाराची आठ मिनिटं केली. पडद्याच्या जागी करडा डाग आला, चुण्या नाहीतच, आणि खुर्चीखाली डांबर ओतल्यासारखा सपाट गोळा. पोपडाही गेला, खुर्चीचे मागचे दोन पायही गेले.

मग मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. रंग तिप्पट केला, मिनिटं पुन्हा कमी केली, आणि त्याच दमात कागदही बदलला.

त्या दिवशीचा ट्रे अजून डोळ्यांसमोर आहे. कागद पालथा टाकून वीस मिनिटांनी उलटला. खुर्चीखालच्या काळ्याला एका कडेनं बारीक भेग पडली होती. बघता बघता तिच्या कडा वर उचलल्या आणि सापानं कात टाकावी तशी काळी पातळ कातडी कागदावरून अख्खी सुटली. पाण्यात तरंगताना तिच्यावर खुर्चीच्या पायांचा आकार दिसत होता. खाली कागदावर मळका राखाडी ठसा. आणि पडद्याच्या भागात, जिथं रंग राहायलाच नको होता, तिथं काळ्याचे बारीक कण कागदाच्या दोऱ्यांत जाऊन बसलेले. उजळ भाग गडद आणि गडद भाग उजळ, असा जवळजवळ उलटा प्रिंट माझ्या हातात आला.

कात का सुटली हे नंतर कळलं, आणि ते कळल्यावर निम्मी कोडी सुटली. प्रकाश वरून येतो, त्यामुळे लेप आधी वरच्या बाजूनं कडक होतो आणि मग हळूहळू खाली. लेपात रंग जितका जास्त, तितका तोच रंग प्रकाशाची वाट अडवतो. वरची कातडी घट्ट, खाली कागदाला चिकटलेला डिंक मात्र अजून कच्चा. पाण्यात गेल्यावर तो कच्चा थर विरघळतो आणि वरच्याला पाय ठेवायला जागा राहत नाही. ही अडचण जुनी आहे. डिंकाऐवजी जिलेटिन वापरणाऱ्या कार्बन छपाईत तिच्यावर इलाज निघाला. जोसेफ स्वाननं १८६४ मध्ये रंगीत जिलेटिनचा वेगळा कागद आणला. त्यावर प्रकाश टाकायचा, मग कडक झालेली बाजू दुसऱ्या कागदावर चिकटवायची आणि धुवायचं मागून. डिंकाच्या छपाईत आपण असं काही करत नाही. आपली सगळी भिस्त पातळ लेपावर आणि कागदाच्या खरबरीतपणावर. तेव्हा एकाच थरात भरपूर रंग कोंबून काळा मिळवायचा, हा हट्टच चुकीच्या जागी होता.

एवढ्यावरही मी लगेच शहाणी झाले नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, अशा जुन्या छपाया करण्यात हयात गेलेली. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. सगळे प्रिंट उचलून त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते टेबलावर ओळीनं मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “यात आणि यात काय बदललंस?”

“रंग वाढवला सर, आणि वेळ कमी केला.”

“आणि इथं?”

“इथं कागदपण दुसरा आहे.”

“अगं, मग या प्रिंटनं तुला सांगायचं तरी काय?” त्यांनी सगळे प्रिंट गोळा करून माझ्या हातात दिले. “घरी जा, महिनाभर चित्र छापू नकोस. पट्ट्या छाप.”

महिनाभर चित्र न छापणं ही मला शिक्षाच वाटली. तरी छापल्या. पट्टी म्हणजे स्टेप टॅब्लेट. फिल्मच्या एका तुकड्यावर एकवीस चौकोन, पहिला जवळजवळ पारदर्शक आणि शेवटचा काळाकुट्ट. दर चौकोनाला घनता, म्हणजे प्रकाश अडवण्याचं माप, ०.१५ नं वाढते, म्हणजे दर दोन चौकोनांमागे प्रकाश निम्मा होतो. ही पट्टी डिंकाच्या लेपावर ठेवून छापली की धुतल्यावर किती चौकोन वेगवेगळे ओळखू येतात ते मोजायचं. बस, इतकंच. चौकोन जास्त म्हणजे कॉन्ट्रास्ट कमी आणि पल्ला लांब. चौकोन कमी म्हणजे कॉन्ट्रास्ट जास्त.

आधी फक्त रंग बदलला, बाकी सगळं कायम. १ ग्रॅमला आठ चौकोन मिळाले. २ ग्रॅमला पहिला चौकोन खूपच काळा, पण चौकोन सहाच. ३ ग्रॅमला साडेचार, तेही डाग वजा करून. हे तीन कागद शेजारी ठेवले आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी ‘कॉन्ट्रास्ट’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबत होते. काळा किती काळा, ही एक. काळ्यापासून कोऱ्या कागदापर्यंत पोचायला किती पायऱ्या लागतात, ही दुसरी. रंग वाढवला की पहिली वाढते आणि दुसरी आखडते. मला काळोख गडद हवा होता आणि पडद्यापर्यंतच्या पायऱ्याही हव्या होत्या, आणि ते दोन्ही मी एकाच ट्यूबमधून पिळून काढायला बघत होते.

मग फक्त वेळ बदलली. तीन मिनिटं, सहा, बारा. वेळ दुप्पट केली की चौकोन साधारण दोन घरं पुढे सरकतात. शेवटी दोन नवे उगवतात आणि सुरुवातीचे दोन एकमेकांत मिसळून जातात. एकूण संख्या जवळपास तीच. म्हणजे वेळेनं पल्ला सरकतो, लांब होत नाही. आठ मिनिटांच्या प्रिंटमध्ये पडद्याच्या जागी डाग आणि खुर्चीच्या जागी डांबर का आलं होतं, त्याचं उत्तर इथं होतं.

तिसरी पाळी डायक्रोमेटची. माझी पक्की समजूत अशी, की हे जितकं जोरदार तितकं चित्र ठसठशीत. उलटं निघालं. इथं थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ मी इथंच घातला.

सुरुवातीला मी पोटॅशियम डायक्रोमेट वापरत होते, तेही ‘संपृक्त’ द्रावण. पाण्यात विरघळेल तेवढं टाकायचं, तळाला खडे राहिले की झालं. सोपं वाटतं. पण पोटॅशियम डायक्रोमेट २० अंश सेल्सियसला १०० मिली पाण्यात सुमारे १२ ग्रॅम विरघळतं आणि शून्य अंशाला पाचच्या आसपास. म्हणजे गारठ्यातली संपृक्त बाटली आणि उकाड्यातली संपृक्त बाटली ही दोन वेगळी द्रावणं. माझ्या वहीत मात्र दोन्हींसमोर एकच शब्द. अमोनियम डायक्रोमेट त्याच २० अंशाला ३५ ग्रॅमच्या आसपास विरघळतं, त्यामुळे त्याचं द्रावण हवं तितकं जोरदार करता येतं आणि छपाईही वेगानं होते. मी अमोनियमवर आले आणि संपृक्त हा शब्दच सोडून दिला. २० टक्क्यांचं एक द्रावण करून ठेवलं, त्यातूनच पाणी घालून १० टक्के आणि ५ टक्के. प्रत्येक पट्टीला डिंक तितकाच, रंग तितकाच, डायक्रोमेटच्या द्रावणाचे मिलीही तितकेच. फरक फक्त त्यातल्या जोराचा.

२० टक्क्यांना आठ चौकोन. १० टक्क्यांना त्याच वेळेत जेमतेम चार. अरे, म्हणजे हे नुसतं मंद झालं? वेळ वाढवत गेले. पहिला चौकोन आधीच्या पट्टीइतका काळा होईपर्यंत वाढवला, तेव्हा सहा झाले आणि तिथंच थांबले. ५ टक्क्यांना वेळ तिपटीहून जास्त लागली आणि चौकोन चार, फार तर पाच. म्हणजे डायक्रोमेट पातळ केलं की छपाई मंद होते आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. जोरदार केलं की झटपट होते आणि कॉन्ट्रास्ट उतरतो. कारणाचा एक भाग रंगातच दिसतो. हे द्रावण नारिंगी आहे आणि जो प्रकाश आपल्याला हवा तोच ते खातं. ते दाट असलं की प्रकाश वरच्यावर अडतो. थोड्याशा प्रकाशातही वरचा पापुद्रा पकडला जातो, म्हणजे उजळ भाग टिकतात, आणि भरपूर प्रकाशातही खालपर्यंत फारसं पोचत नाही, म्हणजे गडद भाग आवरते राहतात. पातळ असलं की नेमकं याच्या उलट.

हे समजल्याच्या आनंदात मी एक खोटी नोंदही करून ठेवली. एका रात्री उशीर झाला म्हणून तीन कागद २० टक्क्यांच्या मिश्रणानं फासून, वाळवून खणात ठेवले आणि सकाळी छापले. हवा दमट होती. पट्टी धुवायला टाकली, अर्धा तास झाला, तास झाला, कोरा राहायला हवा तो भागही करडाच. कोमट पाणी केलं तरी करडाच. वहीत लिहिलं, ‘२० टक्के निरुपयोगी, कॉन्ट्रास्ट शून्य.’ पुढचे दोन आठवडे त्या वाक्यावर विश्वास ठेवून वाया घालवले. खरं कारण वेगळंच. डायक्रोमेट घातलेला डिंक अंधारातही आपसूक कडक होत जातो. हवेतला ओलावा आणि उष्णता जितकी जास्त, तितका लवकर. माझे कागद खणात रात्रभर स्वतःच छापून निघत होते. तेव्हापासून फासलं की थंड पंख्याखाली वाळवायचं आणि वाळलं की लगेच छापायचं. एक साधा आर्द्रतामापक भिंतीवर लावलाय आणि दर प्रिंटसमोर त्याचा आकडा लिहिते. ओलाव्यानं लेपाचा वेगही वाढतो, त्यामुळे तो आकडा नसेल तर कालच्या मिनिटांना आज काही अर्थ नसतो.

आता उरला निगेटिव्ह. खरं तर पहिल्याच दिवशी त्याच्याकडे बघायला हवं होतं. पट्टी आणि निगेटिव्ह लाइटबॉक्सवर शेजारी ठेवून डोळ्यांनी जुळवलं. दोन्ही चांदीचे, राखाडीच, त्यामुळे डोळ्यांनी जुळवलेलं चालतं. इंकजेटच्या रंगीत निगेटिव्हला हा उपाय लागू नाही, कारण डोळ्यांना दिसणारी घनता आणि अतिनीलला जाणवणारी घनता तिथं वेगवेगळी असते. खुर्चीखालचा काळोख दुसऱ्या चौकोनाशी जुळला, पडद्याचा सगळ्यात उजळ भाग तेराव्याशी. अकरा पायऱ्या, म्हणजे घनतेत १.६५ चा फरक. अर्थात! दोन वर्षांपूर्वी मी हा निगेटिव्ह मुद्दाम जास्त डेव्हलप केला होता, प्लॅटिनमसाठी. प्लॅटिनमला एवढा पल्ला लागतो. डिंकाचा माझा सगळ्यात सढळ थर आठ पायऱ्यांचा. अकरा पायऱ्यांचं चित्र आठांत बसवायचं तर तीन कुठून तरी गळणारच. वरून गळल्या तर पडदा, खालून गळल्या तर खुर्ची.

सरळमार्गी माणसानं इथं निगेटिव्ह स्कॅन करून डिंकाला झेपेल असा मवाळ निगेटिव्ह छापून घेतला असता. हल्ली मी तसंच करते आणि त्यात काही कमीपणा नाही. पण तेव्हा हट्टाला पेटले होते. याच निगेटिव्हनं मला तीन महिने रडवलं होतं, तर यालाच कागदावर आणायचं.

मार्ग जुनाच आहे, एकावर एक थर. डिंकाची छपाई जॉन पाउन्सीनं १८५८ मध्ये लोकांना दाखवली होती, पण तिला खरं रूप आलं ते १८९० च्या दशकात. पॅरिसचा छायाचित्रकार रोबेर दमाशी ब्रश हातात घेऊन ओल्या लेपावरच चित्र घडवायचा. व्हिएन्नाच्या कॅमेरा क्लबातले हाइनरिश क्यून, हुगो हेनेबर्ग आणि हान्स वात्सेक एकाच कागदावर पुन्हा पुन्हा लेप चढवून छापायचे. मला दमाशीचे प्रिंट बघायला आवडतात, पण माझा स्वभाव व्हिएन्नाचा. ब्रशनं घासून मिळवलेला कॉन्ट्रास्ट मला दुसऱ्या दिवशी तसाच पुन्हा मिळवता येत नाही आणि मग चीड येते.

थर चढवायचे तर कागद आधी तयार हवा. गरम पाण्यात तासभर भिजवून वाळवला, म्हणजे जेवढा आकसायचा तेवढा आधीच आकसतो. मग ३ टक्के जिलेटिनचा हात देऊन ते कडक करून घेतलं, म्हणजे रंगाचे कण कागदाच्या दोऱ्यांत शिरत नाहीत. हे न करता मी एकदा दोन थर दिले होते. दुसऱ्या वेळी कागद मिलिमीटरभर आकसलेला आणि खुर्चीला सहा पाय! निगेटिव्ह दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून कडेला दोन भोकं पाडून पिना लावल्या.

आता थरांची वाटणी. पट्ट्यांची वही समोर घेऊन बसले आणि पहिल्यांदाच असं झालं की अंदाजानं काही ठरवावं लागलं नाही. पहिला थर पडद्याचा. रंग अगदी कमी, १५ मिलीला अर्धा ग्रॅम. डायक्रोमेट पूर्ण २० टक्के. वेळ भरपूर, चौदा मिनिटं. एवढ्या प्रकाशात खुर्ची, भिंत, काळोख सगळं एकजात कडक होणार, पण रंगच इतका पातळ की त्यांच्यावर फक्त फिकट करडं सावट येतं. पडद्याच्या चुण्यांना मात्र आपला पूर्ण पल्ला मिळतो. धुतल्यावर तो प्रिंट बघितला असता तर कुणीही कचऱ्यात टाकला असता. धुक्यातली खोली. पण पडद्याच्या चुण्या मोजता येत होत्या.

दुसरा थर मधल्या छटांचा. १ ग्रॅम रंग, १० टक्के डायक्रोमेट, नऊ मिनिटं. यात भिंत आली, खुर्चीचं वेतकाम आलं, पडद्याच्या खालच्या कडेला थोडं वजन आलं. हा थर सगळ्यात बिनतक्रार निघाला, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

तिसरा थर फक्त काळोखाचा. इथं मला कॉन्ट्रास्ट हवा होता, म्हणजे पायऱ्या कमी आणि बाकी सगळं धुऊन गेलं पाहिजे. रंग दीड ग्रॅम, डायक्रोमेट ५ टक्के. तीन ग्रॅमचं वेड आता गेलं होतं, कारण काळ्याचं ओझं तीन थरांत वाटलं गेलं होतं आणि कुठल्याच एका थराला कात टाकण्याइतकं जाड व्हायची गरज नव्हती. वेळेचा घोळ मात्र झाला. पहिल्यांदा दहा मिनिटं दिली, तिसरा थर पाण्यात अख्खाच निघून गेला, मागं काही राहिलंच नाही. गंमत म्हणजे याचं मला वाईट वाटलं नाही. थर गेला तरी खालचे दोन शाबूत असतात. कागद वाळवायचा आणि पुन्हा फासायचं. प्लॅटिनममध्ये एक चूक म्हणजे कागद गेला. डिंक असा दुसरी संधी देतो. दुसऱ्या वेळी सोळा मिनिटं दिली.

पाण्यात सुरुवातीला काहीच होत नाही. काळं चौकोनी पान पालथं तरंगत असतं आणि कडेनं नारिंगी रंगाचे धागे खाली उतरत असतात. दहा मिनिटांनी पाणी बदललं. पंचविसाव्या मिनिटाला कोपरा धरून उचललं तर पडद्यावरून काळा सरकत होता, काचेवरून पावसाचं पाणी ओघळावं तसा. घाई केली नाही. पुन्हा पालथा टाकला. पाऊण तासानं उलटला तेव्हा खुर्चीच्या मागच्या दोन पायांमध्ये, काळोखात, नखाएवढा करडा ठिपका दिसत होता. पोपडा.

हे सगळं करताना हातमोजे कायम होते, हे सांगायला हवं. डायक्रोमेट हे षट्संयुजी क्रोमियम आहे; त्यानं कर्करोग होऊ शकतो आणि कातडीला एकदा त्याची ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. पावडर तोलताना मास्क, आणि स्वयंपाकाचं एकही भांडं या कामात नाही. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ नंतर अमोनियम आणि पोटॅशियम दोन्ही डायक्रोमेट वापरायला खास परवाना लागतो. उरलेलं द्रावण मी मोरीत ओतत नाही. त्यात सोडियम बायसल्फाइट घातलं की नारिंगीचं हिरवट होतं, म्हणजे ते त्रिसंयुजी क्रोमियम झालं, बरंच कमी घातक. ते बाटलीत साठवून घातक रसायनांचा कचरा घेणाऱ्यांकडे देते. याच बायसल्फाइटच्या पातळ पाण्यात शेवटी प्रिंटही बुडवायचा, म्हणजे कागदात राहिलेली पिवळट झाक जाते. ही पायरी मी आधी शेवटच्या थरापर्यंत लांबवायची. पण ती झाक राहू दिली की पडदा खरोखर किती उजळ आहे ते कळतच नाही आणि पुढच्या थराचा हिशेब चुकतो. पहिल्या थरानंतर एका पट्टीचा तुकडा तरी साफ करून बघायचा, मग पुढचं ठरवायचं.

साफ होऊन वाळल्यावर प्रिंट सरांकडे नेला. त्यांनी उजेडात तिरपा धरून पाहिला. थरांची चमक सगळीकडे सारखी आहे का ते बघत असावेत. मग विचारलं, “किती थर?”

“तीन. एक वाहून गेला तो धरला तर चार.”

“आणि वर उजवीकडची चुणी कुठे गेली?”

ती तिसऱ्या थराच्या वेळी गेली होती. पाऊण तासानंतरही त्या कोपऱ्यात थोडा काळा अडकून होता, तो मी मऊ ब्रशनं हलकेच झटकायला गेले आणि त्याच्याबरोबर खालच्या थरातली चुणीही निघाली. सरांना तसं सांगितलं. बाकी कुणी विचारलं, तर ती मुद्दाम काढली असं सांगते.